आमच्याकडे आहे : ‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाची सीमाभागातील कुळकथा

पाचवीत इंग्रजीचे पहिले पुस्तक हाती आले तेव्हा आमच्या पिढीला दोन क्रियापदे घोकावी लागली. एक ‘बी’ आणि दुसरे ‘हॅव’. पहिल्याने फारसा त्रास दिला नाही. त्याची रूपे वेडीवाकडी असली तरी अर्थ ओळखीचा होता. ते आपले ‘असणे’ होते. दुसऱ्यापाशी मात्र गुरुजीच थबकत. ‘आय हॅव अ बुक’ याचा अर्थ ते फळ्यावर ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ असा लिहीत. खाली ‘आय हॅव अ सिस्टर’ आले की ‘मला एक बहीण आहे’ असे लिहावे लागे आणि ‘आय हॅव अ हाउस’ आले की ‘माझे घर आहे’. इंग्रजीत एकच क्रियापद, मराठीत दर ओळीला निराळी सोय. एका धीट मुलाने शेवटी विचारलेच, “गुरुजी, मग हॅव म्हणजे नेमकं काय?” गुरुजी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “हॅव म्हणजे आहेच. पण आपल्यासारखं नव्हे.”

त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये गिरवली, राज्य सरकारच्या महसूल खात्यात छत्तीस वर्षे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या कागदांत काढली, तेव्हा कोठे गुरुजींच्या उत्तरातील तथ्य ध्यानी आले. या एका लहान क्रियापदाने आपल्या भागातील जमीनजुमला, वतने आणि आडनावे यांच्याशी कसा संबंध जोडला, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम त्या शब्दाचे कूळ पाहू. ‘हॅव’ हा जर्मानिक कुळातील शब्द. त्याच्या मुळाशी ‘पकडणे, मुठीत धरणे’ हा अर्थ आहे. लॅटिनमधील ‘कापेरे’ म्हणजे पकडणे हा त्याचा सख्खा भाऊबंद, आणि ‘कॅप्चर’, ‘कॅप्टिव्ह’ हे शब्द त्याच लॅटिन घरातून इंग्रजीत आले. म्हणजे इंग्रज मनुष्य ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ असे म्हणतो तेव्हा मुळात तो ‘मी पुस्तक धरले आहे’ असे म्हणत असतो. कर्ता तो, पुस्तक हे त्याच्या क्रियेचे कर्म. पुढे ही मूठ सैल होत गेली. बहीण, ताप, वेळ, संशय, न्याहारी, सर्व काही तीत मावू लागले. ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ अशा अर्थाच्या जुन्या रचनेतून ‘मी पत्र लिहिले आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळही याच क्रियापदाने घडवला. ‘मला जायचे आहे’ किंवा ‘मला जावे लागेल’ हेही ‘हॅव टू’ने सांगितले जाऊ लागले.

मराठीत असे क्रियापदच नाही. ही उणीव नव्हे, ही रचना आहे. आपल्या वाक्यात मनुष्य वस्तूला धरत नाही. वस्तू ‘असते’ आणि तिचे माणसाशी नाते काय, ते प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय सांगते. नातेवाईक आणि अवयव यांना ‘ला’ लागतो : मला दोन भाऊ आहेत, टेबलाला चार पाय आहेत. मालकीला ‘चा-ची-चे’ : हे शेत माझे आहे. हाताशी असलेल्या वस्तूला ‘जवळ’ किंवा ‘पाशी’ : माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. अंगच्या गुणाला ‘त’ : त्याच्यात धमक आहे. आणि सोपवलेल्या, सांभाळायला दिलेल्या वस्तूला ‘कडे’ : देवळाच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत. किल्ल्या ‘आमच्याकडे’ असल्या म्हणून देऊळ ‘आमचे’ होत नाही, हे कोणाही मराठी मुलाला शिकवावे लागत नाही.

ही चाल संस्कृतापासूनची आहे. संस्कृतातही षष्ठी विभक्ती आणि ‘अस्ति’ यांवरच भागते. धनवान, गुणवान यांसारखे शब्द घडवणारा प्रत्यय सांगताना पाणिनीनेही ‘ते याचे आहे किंवा याच्यात आहे’ अशाच अर्थाने त्याचे स्पष्टीकरण केले आहे. तेथे धरण्याची भाषा नाही. जगाकडे पाहिले तरी आपण एकटे नाही. रशियन मनुष्य ‘माझ्यापाशी आहे’ असेच म्हणतो, हिब्रूत ‘मला आहे’ असे म्हणतात. एमिल बेन्व्हेनिस्त या भाषापंडिताने १९६० साली ‘असणे’ आणि ‘हॅव’ या जोडीवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, जगात ‘हॅव’सारखे क्रियापद नसलेल्या भाषाच अधिक आहेत. अपवाद इंग्रजीचा आहे, आपला नव्हे.

आता आपल्या शेजाराकडे वळू. कन्नड ही द्राविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. तरी याबाबतीत दोघींची वाक्ये एकावर एक ठेवून पाहावीत. ‘मला दोघी बहिणी आहेत’ याला कन्नडमध्ये ‘ननगे इब्बरु तंगियरिद्दारे’, तेथेही ‘मला’च. ‘त्याच्यात धैर्य आहे’ याला ‘अवनल्लि धैर्य इदे’, तेथेही ‘त्याच्यात’च. ‘माझ्याजवळ’ला ‘नन्न हत्तिर’, आणि हत्तिर म्हणजे जवळ. ‘घर आमचे’ याला ‘मने नम्मदु’. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या कन्नडमध्ये तर ‘नन्न कडे रोक्क ऐति’ असे म्हणतात. त्यातला ‘कडे’ आणि आपल्या ‘माझ्याकडे रोकड आहे’ यातला ‘कडे’ कानाला एकच लागतो, आणि रोक्क-रोकड ही जोडीही परकी वाटत नाही. शनिवारच्या बाजारात एकच बाई एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये अडखळल्याविना बोलते, त्याचे रहस्य निम्मे येथे आहे. तिला शब्द बदलावे लागतात. वाक्याची चौकट बदलावी लागत नाही.

या गोष्टीची शास्त्रीय तपासणीही आपल्या शेजारीच झाली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकन संशोधकांनी सांगलीजवळच्या कुपवाड गावातील कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या बोलींचा अभ्यास करून १९७१ साली निष्कर्ष मांडला की, पिढ्यान्पिढ्यांच्या सहवासाने या बोलींचे व्याकरण इतके जवळ आले आहे की, एकीतील वाक्य दुसरीत बहुधा शब्दास शब्द ठेवून नेता येते. त्याआधी मरे एमेनो यांनी भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, येथे निरनिराळ्या कुळांतील भाषांनी परस्परांचे विशेष उचलले आहेत, असे प्रतिपादन करणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. तो निबंध १९५६ सालचा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाने आपल्या घरांत काय केले, ते येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. मात्र भाषेच्या नावाने रेघ ओढली जात असतानाच, या भागातील भाषा एकमेकींत किती खोल गुंतल्या आहेत हे दाखवणारे शास्त्रही उभे राहत होते, हा योग नोंदवून ठेवावासा वाटतो.

मग आपल्याकडे ‘हॅव’ कधी आलेच नाही काय? आले; पण इंग्रजांच्या पुष्कळ आधी, आणि मागच्या दाराने. फारसीत ‘दाश्तन’ हे क्रियापद आहे. अर्थ ‘बाळगणे, धारण करणे’. आपल्या ‘धृ’ धातूचे ते दूरचे आप्त, म्हणजे गिरिधरातील ‘धर’ आणि फारसी ‘दार’ हे एकाच मुळाचे. बहामनी आणि आदिलशाही अमदानीत फारसी ही दरबारची भाषा झाली. आपल्या पूर्वजांनी ते क्रियापद उचलले नाही. त्याचे शेपूट तेवढे उचलले. वतनदार, इनामदार, जहागीरदार, किल्लेदार, ठाणेदार, हवालदार. पुढे देशी शब्दांनाही ते चिकटले : खातेदार, भागीदार. कन्नडनेही तेच केले आणि पालुदार, गुत्तिगेदार हे शब्द घडवले. मालकी, कब्जा, ताबा, हक्क हे शब्दही याच वाटेने आले आणि ते दोन्ही भाषांत रुळले. वाक्य मात्र आपण बदलले नाही. कब्जा ‘आहे’, हक्क ‘आहे’. असणे कायम राहिले.

या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आडनावातच हे ‘दार’ आहे. त्याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. तहसीलदार म्हणजे तहसील ‘ज्याची’ आहे तो नव्हे. तहसील ‘ज्याच्याकडे’ आहे तो. बदलीचा हुकूम आला की ती दुसऱ्याकडे जाते. हवालदाराच्या शब्दात तर ‘हवाला’ म्हणजे सोपवणेच आहे. इनामदाराचे मात्र काय? इनाम त्याचे की त्याच्याकडे? पिढ्यान्पिढ्या कसलेल्या आणि भोगलेल्या जमिनीबाबत हा प्रश्न घरात कोणी विचारीत नव्हते. तो इंग्रज सरकारने विचारला.

१८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खन व दक्षिण महाराष्ट्र देशातील इनामदारांना सनदा दाखवण्यास फर्मावण्यात आले. वहिवाट पुरेशी नव्हती. ती कोणत्या कागदाने, कोणाच्या अधिकाराने, किती पिढ्यांसाठी, हे सिद्ध करावे लागे. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले किंवा धामधुमीत गहाळ झाले, त्यांना आपले ‘आमचे’ सिद्ध करणे अवघड होऊन बसले. ते ‘आमच्याकडे’ होते आणि आता नाही, असे सरकार म्हणू शकत होते. एका प्रत्ययाच्या फरकावर घरे बसली आणि घरे उठली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

रयतेच्या जमिनीबाबतही तेच. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने सरकारी धाऱ्याच्या जमिनीवरील रयतेला ‘ओनर’ म्हणजे मालक म्हटले नाही, ‘ऑक्युपंट’ म्हटले. मराठीत त्याचे कोठे ‘कब्जेदार’ झाले, कोठे ‘भोगवटादार’. पुन्हा तेच ‘दार’. ही संहिता आपल्या जिल्ह्यात १९६४ च्या म्हैसूर जमीन महसूल कायद्यापर्यंत चालत राहिली. दरम्यान १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली, १९५२ च्या कायद्याने जातीची इनामे खालसा झाली. इनाम गेले, आडनावात ‘दार’ तेवढे उरले.

इंग्रजी ‘हॅव’ला मराठीत बसवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते मोलस्वर्थ आणि कँडी. मोलस्वर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यांनीच आरंभ केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा कोशकार ‘असणे’पाशी सहज सुटतो. उलट दिशेने जाताना मात्र ‘हॅव’पाशी त्याला थांबावेच लागते, तेथे एकाला एक असा शब्द देऊन भागत नाही. कोशकाराला निदान पुढे आणखी ओळी लिहिता येतात. कचेरीतील टिपणे लिहिणाऱ्याला तेवढी सवड नसते. आमच्या हातून जे घडले ते याच घाईत.

गोष्ट १९८६ च्या सुमाराची. नोकरीला दोनच वर्षे झाली होती. निपाणीच्या बाजूच्या एका गावातील विधवेचा वेतनाचा अर्ज चौकशीसाठी आमच्याकडे आला. बाई मराठी बोलणारी. घरात दोन लहान मुले. जमिनीविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “दोन एकर रान आमच्याकडं हाय.” तलाठी कन्नड भाषक होता, त्याने आपल्या पंचनाम्यात शब्दास शब्द ‘नम्म कडे’ असे लिहिले. वरिष्ठांना इंग्रजी टिपण पाठवायचे ते आम्ही लिहिले. सुवाच्य अक्षरात आणि मोठ्या आत्मविश्वासाने. कुटुंबास दोन एकर जमीन आहे. आणि त्या ‘आहे’साठी आम्ही इंग्रजीत घातले ‘हॅज’. अर्ज नामंजूर झाला. तिला जमीन होती ना!

दोन पावसाळे गेले. बाईने पुन्हा अर्ज केला, तेव्हा जुनी फाईल आमच्या कचेरीतील एका वयस्क कन्नड कारकुनाच्या हाती पडली. त्याने तलाठ्याचा पंचनामा वाचला, आमचे टिपण वाचले आणि आम्हांला टेबलापाशी बोलावून शांतपणे म्हणाला, “कडे अंद्र नम्मदल्लरी.” ‘कडे’ म्हणजे ‘आमचे’ नव्हे, साहेब. आम्ही त्याच दिवशी उतारा काढवला. जमीन बाईच्या दिराच्या नावावर होती. दीर पलटणीत होता, आणि त्याच्या गैरहजेरीत ती रान सांभाळत होती. पीक त्याचे, राबणूक तिची. तिने एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. तिच्या मराठीत तो भेद शिल्लक होता आणि तलाठ्याच्या कन्नडमध्येही शिल्लक होता. इंग्रजीत नेताना तो पुसला गेला होता आणि पुसणारे आम्ही होतो, मराठी ज्याची मायबोली असा मनुष्य.

वेतन सुरू झाले. मागील दोन वर्षांचे मात्र मिळाले नाही. तशी तरतूद नव्हती. आम्ही स्वतः जाऊन तिला चूक सांगितली. ती म्हणाली, “तुमी तरी काय करशीला, साहेब, ल्हिवायचं इंग्रजीत असतंया.” तिने आम्हांला क्षमा केली असे तिला वाटले असेल, आम्हांला ते वाक्य फार दिवस पुरले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणत्याही जबानीत ‘आहे’ हा शब्द आला की ‘कोणाचे’ आणि ‘कोणाकडे’ असे दोन प्रश्न विचारल्याविना आम्ही सही केली नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण कचेरी नव्हे, घर आहे. आमची नातवंडे बेंगळुरू आणि पुण्यात वाढतात. ती मराठी बोलतात याचा आनंद आहे. पण परवा नात म्हणाली, “आजोबा, माझ्याकडे दोन मावश्या आहेत.” तिच्या आईने हसून सोडून दिले. आम्हांला हसू आले नाही. मावशी ‘मला’ असते. ‘माझ्याकडे’ असते ती फार तर सुटीत राहायला आलेली. इंग्रजी शाळेतला ‘हॅव’ मराठी शब्दांचा वेष घेऊन आला आहे, आणि सगळ्या नात्यांना ‘कडे’ची एकच गोणी पुरते असे मुलांना वाटू लागले आहे. शब्द मराठीच आहेत. चौकट गेली आहे. आपल्या सीमाभागाने मात्र याच्या नेमके उलट केले होते. तेथे शब्द दोन भाषांचे राहिले आणि चौकट एक झाली. त्या चौकटीत नाते, मालकी, जवळीक आणि विश्वासाने सोपवणे, हे भेद शाबूत राहिले. परभाषा शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. इंग्रजीनेच आमची भाकरी पिकवली. त्या मुलीला इतकेच सांगावे की, इंग्रजीत एकच प्रश्न असतो तेथे आपल्याकडे चार आहेत, आणि चारही विचारण्याजोगे आहेत.

‘आपल्याकडे’ हा शब्द आत्ताच लिहून गेलो. त्याचा आणखी एक अर्थ वाचक जाणतात : आपल्या भागात, आपल्या लोकांत. आमच्याकडे लग्नात असे करतात, आमच्याकडे याला असे म्हणतात. या वाक्यांत मालकीचा वासही नाही. आपले पूर्वज कोणी पटवर्धनांच्या पदरी, कोणी देसायांच्या चाकरीत, कोणी पेठेत दुकान थाटायला म्हणून या मुलखात आले आणि येथलेच झाले. मुलूख कोणाचा, हा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला; तो न्यायालयाने पाहावा. भाषा मात्र आपल्याकडे आहे, आणि ‘कडे’ म्हणजे काय ते त्या कारकुनाने आम्हांला शिकवले आहे. पुढच्यांना देईपर्यंत सांभाळायची.

वाचकांना एक विनंती. पेटीच्या तळाशी जुने कागद असतील, सनदा, फारखती, वाटणीपत्रे, ते एकदा उघडावेत. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा गाठावा. आणि त्यांत ‘चे’ कोठे लिहिले आहे आणि ‘कडे’ कोठे, एवढे नातवंडांना शेजारी बसवून पाहावे.